घरोघरी आरोग्य पाहणी करून देणारी सेवा : आमच्या गावाचा अनुभव

चंद्रपूर जिल्ह्याच्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावात महिला बचत गटांच्या ग्रामसंघाने गेल्या हिवाळ्यात, धानाची चुरणी आटोपून लोक जरा मोकळे झाल्यावर, एका खासगी संस्थेकडून सगळ्या घरांची आरोग्य पाहणी करून घेतली. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण माझ्या तक्रारी या एकाच संस्थेच्या नाहीत. असे काम करणाऱ्या बहुतेकांना त्या लागू पडतील. दर घरटी 350 रुपये ठरला होता. त्यात टॅबवरील प्रश्नावली, तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब, बोटाच्या रक्तावरून साखर, महिलांचे हिमोग्लोबिन, दहा घरांमागे एका घराची फेरमुलाखत आणि शेवटी छापील अहवाल एवढे सगळे होते. मी आरोग्य उपकेंद्रात 31 वर्षे एएनएम, म्हणजे परिचारिका, म्हणून काम करून निवृत्त झाले असल्यामुळे ग्रामसंघाने मला त्यांच्यासोबत फिरायला सांगितले. सर्व घरी जाणे जमले नाही. पण जेवढ्या घरी गेले तेवढ्यावरून ही सेवा घ्यावी की न घ्यावी, आणि घेतलीच तर अहवालातल्या कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा, याबद्दल माझे मत पक्के झाले आहे. या मंडळींनी जे मोजले त्याचे पैसे वसूल झाले. जे विचारले त्यातले निम्मेअधिक पुन्हा विचारावे लागेल, आणि वेगळ्या शब्दांत विचारावे लागेल.

आधी चांगल्या गोष्टी सांगते. आलेली चारही मुले, त्यांत दोन मुली, वागायला नम्र होती. चपला बाहेर काढून सपरीत बसत आणि संमती वाचून दाखवल्याशिवाय पहिला प्रश्न विचारत नसत. माणसे घरी सापडावीत म्हणून ती सकाळी सातच्या आत किंवा सायंकाळी येत. टॅबमधली प्रश्नावली पुरुषाला बाळंतपणाचे प्रश्न विचारत नाही, बारा वर्षांच्या मुलीच्या नावापुढे तीन अपत्ये लिहू देत नाही, राहिलेला रकाना दाखवते. आम्ही कागदी रजिस्टरांत आयुष्य घालवलेली माणसे. त्या रजिस्टरांतल्या असल्या चुका निस्तरण्यात माझे कित्येक मार्च महिने गेले आहेत, त्यामुळे या सोयीची किंमत मला कळते.

तथापि टॅब फक्त उत्तराचा आकार तपासतो. उत्तर खरे आहे की नाही हे त्याला कळण्याचे कारण नाही, आणि प्रश्न ज्या मराठीत लिहिला आहे ती मराठी समोरच्या माणसाची आहे की नाही, हेही त्याला कळत नाही. पहिल्याच दिवशीचा प्रसंग सांगते. पन्नाशीचा एक शेतकरी अंगणात खाटेवर बसला होता. मुलाने टॅबवरून वाचले, "गेल्या 30 दिवसांत आपण तंबाखू किंवा तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन केले आहे का?" त्या गृहस्थाने मान वळवून कुडाच्या बाजूला पिंक टाकली, उरलेला खर्रा पन्नीत गुंडाळून खिशात ठेवला आणि शांतपणे सांगितले, "नाही जी. तंबाखू नाही खात मी." मुलाने "नाही" वर बोट ठेवले. मी मध्ये पडून विचारले, "आणि खर्रा?" ते म्हणाले, "खर्रा खातो ना, सिस्टरबाई. दिवसाचे चार-पाच होते." यावर मुलाने मला हळूच विचारले, "खर्ऱ्यात तंबाखू असतो का?"

तो माणूस खोटे बोलत नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. आमच्याकडे "तंबाखू" म्हणजे तळहातावर चुन्याबरोबर मळून खाण्याचे पान, आणि "खर्रा" म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घालून घोटलेला पदार्थ. दोघांची नावे वेगळी आणि दुकानातली मागणीही वेगळी. त्याच घरातल्या बाईने तोच प्रश्न ऐकून "छी माय, नाही" असे उत्तर दिले. मात्र सकाळी दाताला काय लावता असे विचारल्यावर नसेची डबी काढून दाखवली. नस म्हणजे तंबाखूचीच भुकटी. पूर्व विदर्भात पाहणी करायची आणि प्रश्नावलीत खर्रा, नस, गुडाखू हे शब्द घालायचे नाहीत, याचा अर्थ ही प्रश्नावली दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात तयार होऊन इकडे फक्त पोहोचली आहे. संस्थेच्या पर्यवेक्षकाला मी हे त्याच सायंकाळी सांगितले. त्याने वहीत टिपून घेतले, परंतु मंजूर प्रश्नावली मध्येच बदलता येत नाही असे उत्तर दिले. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही आहे.

व्यायामाच्या प्रश्नाची गत याहून मजेची झाली. आठवड्यात किमान 150 मिनिटे शारीरिक व्यायाम करता का, असा तो प्रश्न. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत आशाताई जो तक्ता भरतात त्यातही 150 मिनिटांचा हाच हिशेब आहे, पण तिथे "शारीरिक हालचाल" विचारतात आणि आशाताई गावातलीच असल्याने ती कामाचे नाव घेऊन विचारते. येथे मात्र "व्यायाम" हा शब्द ऐकून, रोवण्याच्या दिवसांत सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बांधीत वाकून राहणाऱ्या बाया एकामागून एक "व्यायाम कायचा जी?" म्हणत हसल्या आणि टॅबमध्ये "नाही" नोंदले गेले. अहवालात आमच्या गावात शारीरिक निष्क्रियता चिंताजनक असल्याचे एक वाक्य आहे. ते वाक्य ग्रामसंघाच्या बैठकीत वाचले गेले तेव्हा मागच्या रांगेतून ज्या प्रतिक्रिया आल्या त्या येथे लिहिण्यासारख्या नाहीत.

आता आजाराच्या प्रश्नाकडे येते, कारण पाहणीचा मूळ हेतू तोच होता. "गेल्या 15 दिवसांत घरातील कोणी आजारी होते का?" हा प्रश्न या संस्थेचा स्वतःचा नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या जुलै 2017 ते जून 2018 या काळातील 75 व्या फेरीतही आजारासाठी 15 दिवसांची आणि दवाखान्यात भरती होण्यासाठी 365 दिवसांची मुदत धरली होती. भरती होणे माणूस वर्षभर विसरत नाही, कारण त्याला खर्च लागतो, कोणाची तरी गाडी मागावी लागते, घरी कोणाला तरी ठेवावे लागते. साधे दुखणे आठवड्यातच पुसले जाते. दिल्लीतील कुटुंबांवर झालेल्या एका अभ्यासात दर आठवड्याला विचारलेले आजार आणि महिन्याने एकदा विचारलेले आजार यांची तुलना केली, तेव्हा महिन्याच्या आठवणीत आजार बरेच कमी झालेले दिसले, आणि ही गळती गरीब घरांत अधिक होती. रोजच दुखणाऱ्या अंगाला कोणी आजार म्हणत नाही, एवढे त्याचे कारण आमच्याकडच्या कोणत्याही बाईला सांगता येईल.

एका विधवा आजींच्या घरी मी हे समोर पाहिले. मुलीने विचारले, "आजी, पंधरा दिवसांत काही आजार?" त्या म्हणाल्या, "मले कायची बिमारी? मी बरी हाओ." त्यांचा उजवा गुडघा सुजलेला होता, बसताना भिंतीचा आधार घ्यावा लागला होता आणि बोलता बोलता त्या दोनदा खोकल्या. मुलगी शहाणी होती, तिने टॅब बाजूला ठेवून विचारले, "मग कामाला खाडा पडला का?" तेव्हा उत्तर आले की गुडघ्यामुळे चार दिवस तूर सोंगायला जाता आले नाही आणि त्यातले दोन दिवस पडूनच होत्या. "आजार" या शब्दाला नाही म्हणणारी बाई "खाडा" या शब्दाला दिवस मोजून उत्तर देते. विदर्भात पाहणीला येणाऱ्याने एवढी एक गोष्ट शिकून यावी.

आजींचे ते "मी बरी हाओ" ऐकताना मला एक जुना दाखला आठवला. 1944 साली, बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात आरोग्य पाहणी झाली, तेव्हा विधुरांपैकी 48.5 टक्के पुरुषांनी आपण आजारी आहोत किंवा आपली तब्येत यथातथाच आहे असे सांगितले होते. विधवांपैकी तसे सांगणाऱ्या फक्त 2.5 टक्के होत्या. त्या काळच्या बंगालमध्ये विधवा विधुरांपेक्षा धडधाकट होत्या असे कोणी म्हणणार नाही. अमर्त्य सेन यांनी हा दाखला दिलेला आहे, आणि 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील लेखात त्यांनी याच प्रकाराचे दुसरे रूप दाखवले : ज्या केरळमध्ये माणसे सर्वांत जास्त जगतात तेथेच आजारी असल्याचे सांगणारेही सर्वांत जास्त, आणि ज्या बिहारमध्ये आयुष्य कमी तेथे आजार सांगणारेही कमी, अमेरिकेतले लोक तर केरळपेक्षाही अधिक आजार सांगतात. शिक्षण आणि दवाखाना जवळ आला की माणसाला आपल्या दुखण्याचे नाव कळते आणि मग तो ते सांगतो. आमच्या अहवालात मात्र "गावातील आजारांचे प्रमाण" या मथळ्याखाली जो तक्ता आहे, त्यात शाळामास्तर व दुकानदार यांची घरे असलेला वॉर्ड सर्वांत आजारी आणि नाल्यापलीकडचा मजुरांचा वॉर्ड सर्वांत निरोगी दाखवलेला आहे. त्या पलीकडच्या वॉर्डात मी 31 वर्षे गोळ्या वाटल्या आहेत.

महिलांच्या आजारांचा भाग या पाहणीत सर्वांत कच्चा निघाला, आणि येथे संस्थेला अज्ञानाची सबब सांगता येणार नाही, कारण या विषयावरचा जगभर वाचला गेलेला अभ्यास आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात झालेला आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जे प्रसिद्ध केले, त्यात 55 टक्के स्त्रियांनी काही ना काही तक्रार सांगितली होती, तर प्रत्यक्ष तपासणीत 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. एका स्त्रीमागे सरासरी 3.6 आजार होते आणि पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या फक्त 8 टक्के. हे 55 टक्केसुद्धा गावाचा विश्वास मिळवलेल्या माणसांना मिळालेले उत्तर होते. आमच्याकडे हा प्रश्न पहिल्या दोन दिवशी मुलांनीही विचारला, आणि तो सासऱ्यासमोर, दीर ये-जा करत असताना, "योनिमार्गातून असामान्य स्राव" अशा शब्दांत विचारला गेला. सुनेने पदर पुढे ओढला आणि सासऱ्यानेच "नाही, आमच्याकडे तसं काही नाही" असे उत्तर देऊन टाकले. टॅबमध्ये उत्तर कोणी दिले याचा रकाना होता, तो भरलाही गेला, पण अहवालात त्याचा मागमूस नाही. माझ्या तक्रारीनंतर तिसऱ्या दिवसापासून हे प्रश्न मुलींकडे दिले. त्या चुलीपाशी जाऊन "अंगावर पांढरं जाते का" असे विचारू लागल्या आणि उत्तरे बदलली. आधीच्या दोन दिवसांची घरे मात्र तशीच राहिली.

लपवण्याचा मुद्दाही आहे. लग्नाची मुलगी घरात असेल तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराबद्दल विचारल्यावर आई "नाही" म्हणते, कारण गावातले उत्तर सोयरिकीपर्यंत पोहोचते. अशा एका घरी खरे काय ते मला माहीत होते. मी गप्प राहिले. तेच योग्य होते असे मला आजही वाटते. याउलट ही पाहणी म्हणजे एखाद्या योजनेची यादी आहे, अशी वदंता चौथ्या दिवशी पसरली आणि त्या दिवसापासून कंबरदुखी अचानक वाढली. दारूचे उत्तर अंगणात बायको आहे की नाही यावर ठरत असे. वयांबद्दल तर बोलायलाच नको. 40, 45, 50, 60 या आकड्यांपाशी गर्दी, हे जनगणनेपासून चालत आलेले आहे आणि त्याचा दोष या मुलांना देता येत नाही. एका मुलीने मात्र "मोठा पोळ्याच्या आधी झाला की नंतर" असे विचारत एका बाईच्या पहिल्या बाळंतपणाचा महिना काढला, ते कौशल्य मी कौतुकाने पाहिले.

फेरमुलाखत हा या सेवेचा खरा विकण्याजोगा भाग आहे, आणि तिच्याबद्दल संस्थेने मारलेली फुशारकीही सर्वांत मोठी आहे. तीन आठवड्यांनी निवडक घरी दुसरी मुलगी गेली व तेच प्रश्न पुन्हा विचारले. ऑपरेशन, नसबंदी, बाळंतपणांची संख्या, दवाखान्यातली भरती, रोज गोळी चालू असलेली शुगर यांची उत्तरे बहुतेक जशीच्या तशी आली, आणि ते अपेक्षितच होते, कारण ज्या आजाराचे नाव डॉक्टरांनी दिलेले असते आणि ज्याची गोळी घरात असते तो आजार माणूस नीट सांगतो. थकवा, अंगदुखी, झोप, "एकंदर तब्येत कशी आहे" यांची उत्तरे मात्र दिवसागणिक हलली. अहवालात या सर्वांची मिळून एकच ओळ आहे : उत्तरांत 90 टक्क्यांहून अधिक सातत्य आढळले.

ही ओळ किती फसवी आहे ते सोप्या हिशेबाने दाखवते. समजा 100 माणसांना एखादी तक्रार विचारली. पहिल्या वेळी 5 जण हो म्हणाले, दुसऱ्या वेळीही 5 जण हो म्हणाले, पण हे पाच वेगळे आणि ते पाच वेगळे. उरलेले 90 दोन्ही वेळा नाही म्हणाले, म्हणून जुळणी 90 टक्के झाली; प्रत्यक्षात हो म्हणणारा एकही माणूस आपल्या उत्तरावर टिकला नाही. योगायोगाने होणारी जुळणी वजा करून उरलेली मोजण्याचे कप्पा नावाचे माप जेकब कोहेन यांनी 1960 साली दिलेले आहे, आणि या उदाहरणात ते शून्याच्याही खाली जाते. संस्थेने ते माप प्रश्नागणिक छापायला हवे होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आमचे खर्रावाले बहुतेक ठिकाणी दोन्ही वेळा "तंबाखू नाही" असेच म्हणाले आणि त्यांनी या सातत्याला चांगलाच हातभार लावला. चुकीचे उत्तर दोनदा सारखे दिले की अहवालाच्या भाषेत ते विश्वासार्ह ठरते.

मोजमापाचा भाग मी आधीच चांगला म्हटला आहे. स्वतःला बीपी नाही असे सांगणाऱ्या कित्येकांचा आकडा वर आला, त्यांतल्या काहींना प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळी सुरूही झाली, आणि एवढ्या एका कारणासाठी मला 350 रुपये जड वाटत नाहीत. "रक्त कमी आहे" असे स्वतःहून सांगणाऱ्या बाया बोटांवर मोजण्याएवढ्या; पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) मात्र रक्त तपासल्यावर देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. तरी यंत्राचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. त्या राष्ट्रीय सर्वेक्षणात रक्तदाब तीनदा घेतात; येथे घाई असली की एकदाच घेतला जाई, कधी स्वेटरच्या बाहीवरून, कधी डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन आलेल्या बाईचा लगेच. मी टोकले की पुन्हा घेत. मी नसेन तेथे काय झाले असेल याची कल्पना करवते.

अहवाल गुळगुळीत कागदावर, रंगीत तक्त्यांसह, सांगितल्या तारखेपेक्षा पाच आठवडे उशिरा आला. त्यात सांगितलेला रक्तदाब आणि मोजलेला रक्तदाब एकाच रकान्यात मिसळले आहेत. मी फोन करून दोन्ही वेगळे मागितले, तेव्हा आठ दिवसांत वेगळा तक्ता पाठवला गेला व पैसे मागितले नाहीत, हे नोंदवणे मला भाग आहे. दोन तक्ते शेजारी ठेवून पाहिल्यावरच ग्रामसंघातल्या बायांना कळले की आपण काय विकत घेतले आहे.

ज्या गावाला तपासणी शिबिर हवे आहे, त्याने ही सेवा खुशाल घ्यावी. ज्याला वॉर्डावॉर्डांची तुलना करून कोठे खर्च करायचा हे ठरवायचे आहे, त्याने हा अहवाल आहे तसा वापरू नये. आमच्या ग्रामसंघाने फिरत्या दवाखान्याचा दिवस मास्तरांच्या वॉर्डाला द्यायचे जवळजवळ ठरवलेच होते, वेगळा तक्ता आल्यावर तो नाल्यापलीकडे गेला. पुढच्या खेपेसाठी आम्ही करारात लिहून घेतले आहे की प्रश्नावली आधी गावातल्या दहा बायांसमोर मोठ्याने वाचायची, महिलांचे प्रश्न मुलींनीच आणि एकांतात विचारायचे, आजाराबरोबर कामाचा खाडा विचारायचा, रक्तदाब तीनदा घ्यायचा आणि सांगितलेले व मोजलेले कधीही एका रकान्यात छापायचे नाही. संस्थेने दर वाढवून 400 रुपये मागितला आहे. पोळ्यानंतर त्यांना पुन्हा बोलावले आहे, आणि पर्यवेक्षकाने परवा पाठवलेल्या नव्या प्रश्नावलीच्या मसुद्यात खर्ऱ्याचा रकाना आहे. खाली "दिवसाला किती" असेही विचारले आहे. नस मात्र अजून राहिलेली आहे, ते मी त्याला कळवले आहे.